विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी केंद्रातून बाहेरच्यांनी काम कसं करून घ्यावं?

अबोली

नमस्कार मंडळी.

मी एका छोट्या कॉलेजात शिकवते आणि शरीरात बसवायच्या इम्प्लांटच्या लेपांवर काम करते. टायटॅनियमचा नेहमीचा मिश्रधातू (६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम) घ्यायचा, त्यावर हायड्रॉक्सिॲपटाइटचा (हाडांत असतं तशा कॅल्शियम-फॉस्फेट खनिजाचा) थर चढवायचा, भट्टीत तापवायचा आणि तो धातूला किती धरून राहतो ते बघायचं. आमच्याकडे साधा मायक्रोस्कोप आहे. त्यापुढचं सगळं दुसऱ्या विद्यापीठाच्या केंद्रावर अवलंबून.

अर्जात 'एसईएम + ईडीएस' (इलेक्ट्रॉनने काढलेले पृष्ठभागाचे फोटो आणि क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांची मोजणी) असा एक रकाना होता, त्यावर खूण केली, शुल्क भरलं, नमुने पाठवले. बऱ्याच आठवड्यांनी मेलवर काही फोटो आणि मूलद्रव्यांचा एक तक्ता आला. फोटो देखणे आहेत, पण सगळे वरून काढलेले. लेप कुठून सुटतोय हे त्यात दिसत नाही. तक्त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं गुणोत्तर १.६७ च्या आसपास यायला हवं होतं, ते बरंच कमी आलंय. भरीला लेपात व्हॅनेडियम दाखवलंय, आणि शरीरात जाणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ही काळजीची गोष्ट आहे. फोन केला तर 'तुम्ही मागितलं ते दिलं' एवढंच उत्तर मिळालं.

तर प्रश्न असे : बाहेरच्या माणसाला मशीनशेजारी बसू देतात का? नमुना पाठवण्याआधी काय ठरवून ठेवायचं? आणि छोट्या कॉलेजातल्यांना टीईएमसारख्या (इलेक्ट्रॉन पातळ नमुन्याच्या आरपार पाठवणाऱ्या) मोठ्या यंत्रावर वेळ मिळण्याची खरंच शक्यता असते का?

रांगेतला

वाचतोय. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझंही घोडं इथेच अडलंय.

धातुविद

अबोली, लेप कुठून सुटतो हे बघायचं तर आडवा छेद हवा. नमुना इपॉक्सी रेझिनमध्ये बसवायचा, कापायचा, बारीक पॉलिश करायचा आणि मग बॅकस्कॅटर डिटेक्टरने (नमुन्यावरून उलट फिरलेले इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या) बघायचा. त्यात अणुक्रमांक जितका मोठा तितकी जागा उजळ दिसते. टायटॅनियमचा अणुक्रमांक २२. लेपातल्या ऑक्सिजन, फॉस्फरस, कॅल्शियमची सरासरी त्याच्या खाली राहते. त्यामुळे धातू उजळ, लेप गडद आणि मधली फट काळी, असं स्वच्छ चित्र मिळतं. हे साध्या एसईएमवर होतं, मोठ्या यंत्राची गरज नाही.

हा छेद बहुतेक केंद्रं करून देत नाहीत. तो आपणच तयार करून न्यायचा असतो.

पोकळी

मी बरीच वर्षं अशी यंत्रं चालवतोय, म्हणून आधी एकच विचारतो : त्यांनी नमुन्यावर सोन्याचा मुलामा दिला होता का? आणि व्होल्टेज किती होतं? फोटोच्या खालच्या पट्टीत लिहिलेलं असेल.

अबोली

हो, सोनंच. अहवालात तसं म्हटलंय. पट्टीत २० केव्ही (किलोव्होल्ट) दिसतंय.

पोकळी

मग गुणोत्तराचं कोडं बहुधा सुटलं.

हायड्रॉक्सिॲपटाइट वीज वाहून नेत नाही. इलेक्ट्रॉन त्यावर साचतात आणि चित्र पांढरं पडून सरकायला लागतं, म्हणून वर काही नॅनोमीटरचा धातूचा थर देतात. फोटोसाठी सोनं उत्तम. पण ईडीएस प्रत्येक मूलद्रव्याला त्याच्या ठरावीक ऊर्जेच्या क्ष-किरणांवरून, म्हणजे 'रेषे'वरून ओळखतं. फॉस्फरसची रेषा २.०१ केईव्हीला (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) येते आणि सोन्याची एम रेषा २.१२ ला. ईडीएस डिटेक्टरला या दोन रेषा नीट वेगळ्या करता येत नाहीत, त्यांचा एकच फुगवटा दिसतो. मग सॉफ्टवेअर अंदाजाने वाटणी करतं. सोन्याचा थोडा वाटा फॉस्फरसच्या पदरात पडला की फॉस्फरस जास्त दिसतो आणि तुमचं गुणोत्तर खाली येतं. प्लॅटिनम तर आणखी जवळ, २.०५ ला. फॉस्फरस मोजायचा असेल तर मुलामा कार्बनचाच मागायचा, किंवा यंत्रात लो व्हॅक्यूमची (कक्षात थोडा वायू ठेवण्याची) सोय असेल तर मुलाम्याशिवाय बघायचं.

अर्जावर 'कॅल्शियम-फॉस्फरस गुणोत्तर हवं आहे' हे एक वाक्य असतं, तर ऑपरेटरने सोनं वापरलंच नसतं. पेशंट डॉक्टरकडे जाऊन दुखणं सांगतो, 'माझा एक्स-रे काढा' असा हुकूम देत नाही. बहुतेक अर्जांत मात्र फक्त यंत्राचं नाव विचारतात, आणि हा दोष केंद्रांचा आहे. रकाना नसला तरी वेगळा कागद जोडा. माझा प्रश्न काय, नमुन्यात काय काय आहे, कोणतं उत्तर आलं तर मी पुढे काय करणार. अर्धं पान पुरतं.

गारगोटी

पोकळी यांना दुजोरा. व्हॅनेडियमचंही तसंच असू शकतं. टायटॅनियमची के-बीटा रेषा ४.९३ केईव्हीला येते आणि व्हॅनेडियमची के-अल्फा ४.९५ ला. म्हणजे टायटॅनियम भरपूर असलं की त्याच्या सावलीत व्हॅनेडियम असल्याचा भास होतो. आम्ही दगडांतली इल्मेनाइट, रुटाइल ही टायटॅनियमची खनिजं मोजतो तेव्हा हे कायमचं दुखणं. आमच्याकडे यासाठी डब्ल्यूडीएस (क्ष-किरण तरंगलांबीनुसार वेगळे करणारी मोजणी) वापरतात. ते सावकाश चालतं, पण रेषा कितीतरी बारकाईने वेगळ्या करतं.

शिवाय २० केव्हीला इलेक्ट्रॉन अशा लेपात काही मायक्रॉन आत जातात. तुमचा लेप पातळ असेल तर खालचा धातूही त्या मोजणीत आला. १० केव्हीला तेच अंतर साधारण एका मायक्रॉनवर येतं, आणि कॅल्शियमची रेषा (३.६९) उठायला तेवढं व्होल्टेज पुरतं.

अबोली

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. लेप पाच मायक्रॉनचा आहे असं आम्ही धरतोय, पण तेही छेदाशिवाय कळणार नाही. दोघांचेही मनापासून आभार.

तटस्थ

सल्ले उत्तम आहेत, पण सगळा भार बाहेरच्या माणसावरच टाकला जातोय असं नाही वाटत? ही केंद्रं सार्वजनिक पैशांतून उभी राहतात. अनुदान मागताना 'इतर संस्थांनाही लाभ होईल' असं लिहितात. मग यंत्र बसतं, आणि बाहेरच्याच्या अर्जाला उत्तर नाही, रांगेत कितवा नंबर ते माहीत नाही, काम लांबलं तर कारण कळत नाही. आतल्या गटांचे विद्यार्थी मात्र रात्र-रात्र यंत्रावर.

माझं म्हणणं साधं आहे. बुकिंगचं कॅलेंडर सगळ्यांना दिसलं पाहिजे. दर आणि नियम जाहीर पाहिजेत. बाहेरच्यांसाठी आठवड्यातला ठरावीक वेळ राखीव पाहिजे. सौजन्य म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

रांगेतला

+१. कॅलेंडर दिसलं तरी निम्मा जीव भांड्यात पडेल.

पोकळी

तटस्थ, कॅलेंडरच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. ते लपवण्याचं कुठलंही तांत्रिक कारण नाही. राखीव वेळेबद्दलही वाद नाही.

रात्रीचं मात्र थोडं समजून घ्या. आतल्या विद्यार्थ्याने प्रशिक्षण घेतलेलं असतं, परीक्षा दिलेली असते, म्हणून तो एकटा यंत्र चालवू शकतो. बाहेरून आलेल्या नमुन्याला ऑपरेटर लागतो, आणि ऑपरेटर दिवसा असतो. बऱ्याच केंद्रांत यंत्रं अनेक आणि माणसं मोजकी. यंत्राला अनुदान मिळतं, माणसाच्या पगाराला मिळत नाही. माझ्या मते खरी तक्रार इथे करायला हवी. टंगस्टनचा फिलामेंट शंभरेक तासांत जळतो, तो बदलणं माझ्या हातात आहे. यंत्र थंड ठेवणारा चिलर बिघडला तर यंत्र बंद. त्या दिवशीचे सगळे स्लॉट पुढे ढकलले जातात, आणि ते प्रत्येकाला कळवायलाही कुणीतरी लागतं.

उपाय एकच दिसतो : बाहेरच्यांनाही प्रशिक्षण द्या, परीक्षा घ्या आणि परवाना द्या. ज्याचं काम वर्षभर चालणार आहे त्याने एकदा शिकून घ्यावं.

तटस्थ

माणसं कमी हे मान्य. पण 'माणसं कमी' म्हणून दर वेळी बाहेरचाच मागे राहणार असेल, तर तो आपोआप घडलेला प्रकार नाही, तो निर्णय आहे. कुणीतरी घेतलेला. यावर मी ठाम आहे.

सोनसळी

मी जीवशास्त्रातली, त्यामुळे थोडं वेगळं. आमच्या ओल्या नमुन्यांना निर्वातात जाण्याआधी लांबलचक तयारी लागते. ग्लुटारअल्डिहाइडमध्ये स्थिरीकरण, मग ऑस्मियम टेट्रॉक्साइड, मग चढत्या क्रमाने अल्कोहोल, आणि शेवटी क्रिटिकल पॉइंट ड्रायिंग. त्यात कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि सुमारे ७३ वातावरण दाबाच्या वर नेतात. तिथे द्रव आणि वायू यांतला भेद उरत नाही, म्हणून पृष्ठताण पेशींना चुरगाळत नाही. हे टाळून हवेत वाळवलेला नमुना आणला की पेशी सुरकुतलेल्या दिसतात, आणि मग त्या सुरकुत्यांवर पेपर लिहिले जातात!

शेजारी बसायचं का? नक्की बसा. उंटावरून शेळ्या हाकण्यात दोन्हीकडचा वेळ जातो. कुठला भाग 'नेहमीचा' आणि कुठला 'विचित्र' हे नमुना बनवणाऱ्यालाच कळतं. ऑपरेटर नीटनेटका भाग शोधून देखणा फोटो काढतो, आणि आपल्याला हवी असते ती नेमकी बिघडलेली जागा.

कणाद

सोनसळी, अगदी. ८ एप्रिल १९८२ ला पदार्थशास्त्रज्ञ डॅन शेख्टमन अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये झपाट्याने थंड केलेला ॲल्युमिनियम-मँगॅनीजचा मिश्रधातू टीईएममध्ये बघत होते. विवर्तन चित्रात (अणूंच्या मांडणीमुळे उमटणाऱ्या ठिपक्यांच्या चित्रात) दहा ठिपक्यांची वर्तुळं दिसली. स्फटिकाच्या तेव्हाच्या व्याख्येत ही सममिती बसतच नव्हती. नमुना कुरियरने गेला असता तर 'निकाल सदोष' म्हणून ते चित्र कदाचित फाईलमध्येच राहिलं असतं. २०११ मध्ये त्याच क्वासिक्रिस्टलसाठी (शिस्तबद्ध, पण ठरावीक अंतराने पुन्हा तीच न येणाऱ्या रचनेसाठी) त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

धातुविद

कणाद, उदाहरण सुंदर, पण ते उलट बाजूनेही वापरता येतं. शेख्टमन स्वतः मुरलेले मायक्रोस्कोपिस्ट होते. दोन जुळ्या स्फटिकांमुळे असा भास होतोय का, हे त्यांनी तिथल्या तिथे तपासलं. नवखा माणूस शेजारी बसला म्हणून तेवढं होत नाही. बसावं जरूर, पण आधी वाचून जावं.

कणाद

हे मान्य. विषयांतर झालंच आहे तर आणखी एक : एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बर्लिनमध्ये १९३१ ला उभा केला. रुस्कांना नोबेल मिळालं १९८६ मध्ये. केंद्राच्या रांगेतल्यांनी धीर सोडू नये. :)

रांगेतला

कणाद, माझ्या गाईडना हे दाखवू नका, मुदतवाढ मागायची आहे मला. :)

बरं, एक नाजूक प्रश्न. ऑपरेटरचं नाव पेपरात लेखक म्हणून घालायचं का? आमच्या लॅबमध्ये यावर दोन तट आहेत.

गारगोटी

शुल्क भरून ठरलेली मोजणी करून घेतली असेल तर आभारांत केंद्राचं आणि त्या व्यक्तीचं नाव. मोजणी कशी करायची हे त्यांनी ठरवलं, निकालाचा अर्थ लावला, लिखाणात भाग घेतला, तर लेखक. आम्ही हे काम सुरू होण्याआधीच मेलवर ठरवतो.

सोनसळी

'शुल्क भरलं की विषय संपला' हे मला पटत नाही. शुल्क यंत्राच्या वेळेचं असतं, डोक्याचं नाही. वर पोकळींनी सोन्याची जी गोष्ट सांगितली ती एखाद्याच्या पेपरातला मुख्य निष्कर्ष बदलू शकते. तेवढं योगदान देणाऱ्याला लेखकांत जागा नाही म्हणणं अन्यायाचं आहे.

पोकळी

मला विचाराल तर आभारांत नाव सुद्धा फार मोलाचं. पुढच्या अनुदानाच्या वेळी केंद्र तेच कागद दाखवतं. बरेच जण विसरतात, म्हणून इथे आवर्जून लिहितोय.

चुंबक

माझ्याकडे लोहाच्या ऑक्साइडची चूर्णं आहेत. प्रत्येक केंद्र नकार देतं. हा भेदभाव कशासाठी?

पोकळी

चुंबक, तुमचं नाव वाचूनच ऑपरेटर दार लावून घेतील. :)

कारण खरं आहे. भिंगं विद्युतचुंबकाची असतात. सुटी चुंबकी चूर्णं उडून थेट भिंगाच्या टोकाला जाऊन चिकटतात. ती काढायला यंत्र उघडावं लागतं, आणि तोवर सगळ्यांचं काम ठप्प. चूर्ण रेझिनमध्ये पक्कं बसवा, पॉलिश करा आणि केंद्राला आधी स्पष्ट सांगा. टीईएमसाठी वेगळी बोलणी करावी लागतील. काही जागी होकार मिळतो, लपवून नेलं तर मात्र कायमचं नाव काळ्या यादीत जातं, आणि ते योग्यच आहे.

एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तनाने स्फटिकरचना ओळखणं) करणार असाल तर तांब्याच्या क्ष-किरणांनी लोह स्वतः चमकतं आणि पार्श्वभूमी वर जाते. कोबाल्टची नळी असलेलं यंत्र शोधा.

धातुविद

एक्सआरडी निघालंच आहे म्हणून अबोली, तुमच्या कामाचं. गुणोत्तर कमी येण्याचं आणखी एक कारण खरं सुद्धा असू शकतं. हायड्रॉक्सिॲपटाइट जास्त तापलं की त्यातून ट्रायकॅल्शियम फॉस्फेट तयार होतं, आणि त्याचं गुणोत्तर १.५ असतं. हे ईडीएसने ठरवू नका, खडबडीत पृष्ठभागावर त्याचे आकडे तसेही डळमळीत. तांब्याच्या नळीने एक्सआरडी काढा : हायड्रॉक्सिॲपटाइटची मुख्य रेषा ३१.८ अंशांजवळ आणि बीटा प्रकारच्या ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची ३१.० जवळ. एका स्कॅनमध्ये कळेल. एफटीआयआर (अवरक्त किरणांनी रेणूंतले बंध ओळखणारं यंत्र) तुमच्याच रसायन विभागात असेल तर हायड्रॉक्सिल गटाचं ३५७० सेमी⁻¹ चं टोक शिल्लक आहे का तेही बघा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या रांगेत उभं राहण्याआधी या दोन गोष्टी उरकतात.

मला तर वाटतं की निम्मी रांग अशाच लोकांची असते, ज्यांचा प्रश्न साध्या यंत्रावर सुटला असता.

तटस्थ

धातुविद, हे खरं असलं तरी दोष विद्यार्थ्याचा नाही. परीक्षक 'एसईएम फोटो कुठे आहेत' असं विचारतात म्हणून तो रांगेत येतो. फोटोशिवाय पेपर परत आलेले मी पाहिलेत, आणि त्या पेपरांत फोटोची गरजच नव्हती.

गारगोटी

टीईएमबद्दल अबोलींचा प्रश्न राहून गेला. विद्यापीठांच्या केंद्रांपलीकडे राष्ट्रीय सुविधा असतात, तिथे पैशांऐवजी प्रस्ताव बघतात. अमेरिकेत बर्कलीच्या मॉलेक्युलर फाउंड्रीत निकाल प्रसिद्ध करायची तयारी असेल तर यंत्राचा वेळ विनामूल्य मिळतो, आणि बाहेरच्या देशांतले लोकही अर्ज करतात. ब्रिटनमध्ये डेर्सबरीला सुपरस्टेम ही अशीच राष्ट्रीय सुविधा आहे. निवड तज्ज्ञांच्या समितीकडून होते, त्यामुळे कॉलेज छोटं की मोठं यापेक्षा प्रश्न किती नेमका आहे याला वजन असतं. 'आमच्या लेपाचा टीईएम अभ्यास' असा प्रस्ताव बाद होणार. 'लेप आणि धातू यांच्यामध्ये टायटॅनियम ऑक्साइडचा थर तयार होतो का, आणि फट त्याच्या वर पडते की खाली' असं लिहिलं तर समिती वाचेल. सोबत एसईएमचे छेद आणि एक्सआरडी जोडायचेच, म्हणजे साधे मार्ग संपवून आलाय हे दिसतं.

टीईएमला नमुना शंभर नॅनोमीटरपेक्षा पातळ लागतो. तुमच्या जागेसाठी तो एफआयबीने (केंद्रित आयन झोताने) कापावा लागेल. त्यामुळे अर्ज करताना एफआयबीचाही वेळ मागा, नाहीतर एक मिळेल आणि दुसरं नाही.

अबोली

मंडळी, केंद्राला मूळ स्पेक्ट्रमची फाईल मागितली आणि त्यांनी ती लगेच पाठवली. पोकळी म्हणाले तसंच आहे, २ केईव्हीपाशी एकच रुंद टेकडी आहे. ऑपरेटर मॅडमशी सविस्तर बोलणं झालं, त्यांनी स्वतःहून १० केव्ही आणि कार्बन सुचवलं. पुढच्या खेपेला शेजारी बसायलाही हरकत नाही म्हणाल्या. एक्सआरडी आमच्याच भौतिकशास्त्र विभागात करतेय.

आता छेदाबद्दल. रेझिनमध्ये बसवून कापताना आणि घासताना लेप उचकटला तर? मग दिसलेली फट भट्टीतली की माझ्या घासण्यातली, हे कसं ओळखायचं?

रांगेतला

मूळ फाईल मागता येते हेच मला माहीत नव्हतं. सगळे जेपीजी घेऊन घरी जातात.

पोकळी

मागायचीच. बरीच केंद्रं ठरावीक काळानंतर डेटा पुसतात. फोटो टिफमध्ये घ्या, व्होल्टेज, डिटेक्टर, कार्यांतर (भिंगापासून नमुन्याचं अंतर) या नोंदींसकट. आणि पेपरात '२०,००० पट' असं लिहू नका. छापताना आकार बदलतो, मापनरेषा मात्र चित्राबरोबरच लहानमोठी होते.

छेदाचं धातुविद सांगतील, तो त्यांचा प्रांत.

धातुविद

अबोली, कापण्याआधी नमुना पातळ इपॉक्सीत बुडवून निर्वाताखाली ठेवा, म्हणजे फटींतली हवा निघून रेझिन आत शिरेल. ते पूर्ण घट्ट झाल्यावर मगच कापा. आता जी फट रेझिनने भरलेली दिसेल ती कापण्याच्या आधीची. रिकामी दिसेल ती बहुधा कापताना किंवा घासताना पडलेली.

बॅकस्कॅटर चित्रात रेझिन आणि रिकामी जागा दोन्ही काळी दिसतात, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. बऱ्याच इपॉक्सींत थोडं क्लोरीन उरलेलं असतं. छेदाचा क्लोरीनचा नकाशा काढायला सांगा. आधी नुसत्या रेझिनवर एक स्पेक्ट्रम घ्या आणि २.६२ केईव्हीला टोक येतंय ना ते बघा. आपल्या लेपात क्लोरीनचं मीठ कुठे वापरलं नाही याचीही खात्री करा, कॅल्शियम क्लोराइडपासून बनवत असाल तर ही युक्ती चालणार नाही.

अबोली

कॅल्शियम नायट्रेटपासून बनवतो. चालेल!